घरी चोवीस तास राहणारी केअरटेकर आहे? मग या चुका टाळा

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, तेव्हापासून साडेतीन वर्षं आमच्याकडे घरी राहणारी केअरटेकर होती. म्हणजे एकच नाही, एकामागून एक चौघी. आमचं घर फोंड्याजवळ, जुनं कौलारू, नवरा शिपवर, मी सकाळी आठला पणजीला ऑफिसला निघायचे ती संध्याकाळी सातला परत. पहिल्या तिघी सोडून गेल्या तेव्हा मी भेटेल त्याला हेच सांगायचे की हल्ली चांगली माणसं मिळत नाहीत. चौथी टिकली, आणि ती टिकली कारण तोपर्यंत आम्ही बरंच शिकलो होतो. आता ओळखीतल्या कुणाचा फोन आला की "अगं ती नीट बघतच नाही", तर मी आधी एवढंच विचारते, जे करायचंय ते तिला कुणी नीट सांगितलंय का, करून दाखवलंय का?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चोवीस तास राहते म्हणजे चोवीस तास काम करणार असं धरून चालणं. आमची दुसरी केअरटेकर ताई दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढायची, मला राग यायचा, एक-दोनदा बोललेही. मग एकदा तिला डुलकी लागलेली असतानाच सासूबाई एकट्या उठायला गेल्या आणि न्हाणीच्या उंबरठ्याला अडकून पडल्या. त्या रात्री मी स्वतः त्यांच्या खोलीत झोपले तेव्हा कळलं, अकरा ते पाच या वेळात त्या सहा वेळा उठल्या, कधी लघवी, कधी पाणी, कधी नुसतंच "कोण आहे गो?" महिनाभर असं जागून कुणाला दिवसा झोप येणार नाही? तेव्हा बाई दिवसा झोपते अशी तक्रार असेल तर आधी रात्री किती वेळा उठावं लागतं ते मोजा. एक-दोनदा असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर आठवड्यातल्या दोन-तीन रात्री घरच्यांनी घ्या किंवा रात्रीला वेगळं माणूस बघा, आणि दुपारी दोन तास तिला सलग झोपू द्या, दार लावून. लघवीसाठी सारखं उठणं होत असेल तर डॉक्टरांना विचारा, पाणी सुटायची (लघवी जास्त करवणारी) गोळी संध्याकाळी जात असेल तर वेळ बदलून मिळते कधीकधी, पण ती आपल्या मनाने बदलू नका.

बेडसोरचं, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमांचं, जरा सविस्तर सांगते कारण आपल्या पावसात ते फार पटकन होतं. जून-जुलैत चादरी वाळत नाहीत, अर्धवट ओली चादर तशीच घातली जाते, वर रबर शीट, त्यात डायपर, कातडी मऊ पडते आणि माकडहाडावर, टाचेवर, कमरेच्या हाडावर लाल होतं. लाल दिसलं की बोटाने दाबून बघा. बोट काढल्यावर जागा क्षणभर फिकी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, फिकी पडतच नसेल तर जखम आतून सुरू झालीय असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. (सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, तिथे गरम किंवा कडक लागतंय का ते हाताने बघायचं.) अशा जागेवर आपल्याकडे हमखास तेल चोळतात नाहीतर पावडर थापतात, दोन्ही नको, चोळल्याने आतलं मांस जास्त दुखावतं. मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिच्या कडेवर दाब येतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि टाचेसाठी उशी टाचेखाली नाही, पोटरीखाली, म्हणजे टाच हवेत राहील आणि तिच्याखालून आपला हात सहज जाईल. एअर मॅट्रेस आणली म्हणून कूस बदलायची सोडतात, ती पण चूकच, आणि लाईट गेली की ती बसते हे लक्षात ठेवा, इन्व्हर्टरवर लावून घ्या.

उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. झटका आलेल्या बाजूचा खांदा सैल असतो, तो निखळतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरून उठवायचं, चालवताना आपण कमजोर बाजूला राहायचं, ब्लाऊज घालताना कमजोर हात आधी, काढताना तो शेवटी. उठल्या उठल्या चालवू नका, पाय खाली सोडून दोन मिनिटं पलंगावर बसवा, चक्कर येतेय का बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि पडून डोक्याला लागलं तर वरून काही दिसत नसलं, बोलत-चालत असल्या तरी हॉस्पिटलला न्यायचंच. त्या गोळीने अंगावर निळे डागही लवकर पडतात, म्हणून डाग दिसला की लगेच ताईवर आरोप नको. पण दंडावर बोटांचे ठसे असतील तर मात्र शांतपणे बसून विचारा.

आता शुगर. आषाढी एकादशीला सासूबाईंनी उपास धरला, ताई झारखंडची, तिला कुणी सांगितलंच नाही की उपासाला डोस बदलावा लागतो, तिने रोजच्यासारखं इन्सुलिन दिलं. अकरा वाजता घामाने ओल्याचिंब आणि काहीबाही बोलायला लागल्या. मशीनवर 48. शुगर 70 च्या खाली गेली की चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायचं, वर आली की मग पेज किंवा काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट 108 ला, अँब्युलन्सला, फोन. आमच्यात चूक माझी होती, ताईची नाही. उपास, सणाचं गोडधोड, "आज भूक नाही" या सगळ्याचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून तिला सांगून ठेवा.

अचानक दोन दिवसांत माणूस भ्रमात गेलं, रात्री ओरडायला लागलं, ओळखेना, की आपण म्हणतो वय झालं. वयाने असं दोन दिवसांत होत नाही. युरीन इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, पोट साफ नसणं, नवीन सुरू झालेली गोळी, हे आधी तपासून घ्या. जे चोवीस तास जवळ असतं त्यालाच हा फरक आधी कळतो, तेव्हा ती म्हणाली "आजी आज वेगळ्या वाटतात" तर ते उडवून लावू नका.

108 ला फोन केला तरी पत्ता कोण सांगणार हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. गावातलं घर, वाड्याच्या म्हणजे वस्तीच्या आत, बाहेरून आलेल्या मुलीला वाड्याचं नाव पण धड उच्चारता येत नाही. घर नंबर, वाडा, जवळचं देऊळ, मेन रोडवरून कुठे वळायचं हे तिला वाचता येईल अशा लिपीत भिंतीवर लावा आणि एकदा तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली तर तो झटका असू शकतो, त्यांना शेवटचं ठीक असताना कधी बघितलं ती वेळ तिने लिहून ठेवायची, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात आणि गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पोचल्यावर पहिला प्रश्न हाच असतो.

औषधांचा डबा दर रविवारी घरच्यांनीच भरावा. डोस बदलला की जुनी पट्टी त्याच दिवशी ड्रॉवरमधून काढायची. गिळता येत नाही म्हणून सगळ्याच गोळ्या कुटायच्या नाहीत, काही हळूहळू विरघळणाऱ्या असतात, केमिस्टला विचारा.

पैशाचं थोडक्यात. केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोला आपण देतो त्यातले तिच्या हातात किती येतात ते तिच्यासमोर विचारा. पोलीस व्हेरिफिकेशन करा, पण तिचं ओरिजिनल आधार कार्ड आपल्याकडे ठेवून घेऊ नका. एटीएमचा पिन आणि घरातलं सोनं तिच्या जबाबदारीवर टाकायचं नाही, तिच्यासाठीही ते बरं. कॅमेरा लावला तर सांगून लावा, आणि कपडे बदलतात, न्हाऊ घालतात तिकडे अजिबात नको.

आणि सुट्टी. आठवड्याची एक द्याच. लांबच्या सुट्टीसाठी बदली माणूस आदल्या दिवशी शोधू नका, त्यातून चवथीला (गणेश चतुर्थीला) तर ब्युरोत कोणी मिळतच नाही, दीड महिना आधी बोलून ठेवावं लागतं. बदली आली की जुनी आणि नवी अशा दोघी दोन दिवस एकत्र राहतील असं बघा, पगार दोघींचाही द्यावा लागतो, द्या. आमच्या ताईने पहिल्या वर्षी सुट्टीवर जाताना नवीन मुलीला शेजारी बसवून दाखवलं होतं, पेजेचा घास डाव्या गालाकडे कसा द्यायचा, गिळला की नाही ते गळ्याकडे बघून कसं ओळखायचं आणि तोवर पुढचा चमचा हातात घेऊनसुद्धा कसा थांबवायचा.