सायकलची चेन, हवा, ब्रेक: घरच्या घरी जमतं एवढं

चेन कुरकुरायला लागली की आपण काय करतो, तेलाची बाटली उलटी करतो आणि वरून धार सोडतो. मीही बरीच वर्षं हेच केलं, आवाज जायचा आणि चार दिवसांत चेनवर काळा चिखल, वर पँटच्या पायावर तो डाग जो कुठल्याच साबणाने निघत नाही.

तेल हवंय ते आत, पिन आणि तिच्यावर फिरणाऱ्या बारक्या नळीच्या, म्हणजे रोलरच्या मध्ये, कारण झीज तिथे होते. बाहेरच्या तेलाचा उपयोग शून्य, उलट त्याला धूळ चिकटते आणि ती पॉलिश पेपरसारखी चेनलाच घासत बसते. म्हणून आधी जुनं फडकं घ्या, चेनचा खालचा भाग त्यात मुठीत धरा आणि पॅडल उलटं फिरवत रहा, फडक्याची जागा बदलत बदलत, काळं यायचं कमी होईपर्यंत. मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब, चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे जी दात्यांवर बसते ती. सुरुवात जोडाच्या कडीपासून करा म्हणजे एक फेरी कुठे संपली ते कळतं, नाहीतर अर्धी चेन दोनदा आणि अर्धी कोरडी असं होतं. साधारण शंभरच्या वर थेंब होतात, कंटाळा येतो, पण पाचेक मिनिटांचंच काम आहे. दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडा आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाका, हीच पायरी लोक गाळतात. चेन हाताला जवळपास कोरडी लागली पाहिजे.

आणि हो, गंज सोडवायचा तो पातळ स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे, तो लवकर उडून जातो.

चेन जुनी झाली का ते साध्या पट्टीने कळतं. एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 24 घरं मोजली की बरोबर 12 इंच यायला हवेत. शेवटची पिन दीड मिलिमीटरने पुढे गेली असेल तर चेन बदला, 3 मिलिमीटर गेली असेल तर मागचे दातेपण बहुतेक गेले, नवी चेन त्यावर उड्या मारणार. वेळेत बदललं तर खर्च फक्त चेनचा.

हवेचं सोपं आहे. टायरच्या कडेला आकडे छापलेले असतात, पीएसआयमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या मापात, त्या मर्यादेत ठेवा. अंगठ्याने दाबून बघणं फसवं असतं, गेजवाला पंप असेल तर उत्तम. पंक्चर नसलं तरी ट्यूबमधून हवा हळूहळू जातेच, म्हणून आठवड्याला एकदा बघायचं. ट्यूब टाकताना वॉल्व्ह टायरवरच्या कंपनीच्या नावासमोर येईल असं बसवा. पुढे पंक्चर झालं की ट्यूबमधलं भोक टायरला लावून काटा नेमका कुठे आहे ते शोधता येतं, काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबपण तासाभरात पंक्चर होते, अनुभव आहे.

ब्रेक रिमवाले असतील तर पॅडवरच्या खाचा बघा, खाच दिसेनाशी झाली की पॅड संपला. पॅडमध्ये खडीचा बारीक कण अडकला असेल तर टाचणीने काढा, तो रिम खरवडतो. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबलच्या टोकाचा अ‍ॅडजस्टर बाहेरच्या बाजूला दोन-तीन फेरे सोडा, केबल ताणली जाते. डिस्क असेल तर एकच नियम, तिच्या आसपास कसलाही स्प्रे मारू नका आणि डिस्कला बोटसुद्धा लावू नका, कारण तेलकट झालेले पॅड बहुतेक वेळा टाकूनच द्यावे लागतात.

शेवटचं पॅडलचं. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी अर्धा तास पाना धरून लटकलो आणि ते सोडवण्याऐवजी आणखीनच आवळत गेलो, बोटांची सालटी निघाली ती वेगळीच. त्यामुळे डावं-उजवं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका: पाना वरच्या दिशेने उभा लावा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पॅडल असंच सुटतात. परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि सुरुवात हातानेच करा, पाना नंतर.