लाँचच्या इंजिनाला ट्रॅक्टरच्या सवयी नकोत: कूलिंगचे पार्ट बदलताना या चुका टाळा

मराठवाड्यात डिझेलचा चांगला फिटर शोधायला लांब जावं लागत नाही. पैठण, गंगापूर, माजलगाव, कुठल्याही मोंढ्यामागच्या गल्लीत तो सापडतो. अडचण अशी, की त्याचा हात बसलेला असतो ट्रॅक्टरवर. जायकवाडीचा नाथसागर असो की विष्णुपुरीचा जलाशय, पोटात इंजिन असलेल्या लाँच मोजक्याच. त्यामुळे लाँच गरम व्हायला लागली की तोच फिटर येतो आणि ट्रॅक्टरच्या हिशोबाने पार्ट बसवून जातो.

फरक एवढाच, की लाँचला रेडिएटर नसतो, पंखाही नसतो. बहुतेक इंजिनांत दोन पाणी फिरतात. आतलं कूलंट इंजिनात फिरतं. बाहेरचं पाणी तळाच्या कॉकमधून (पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह), जाळीतून पंप ओढतो. ते हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून जाऊन कूलंट थंड करतं आणि शेवटी सायलेन्सरच्या पाइपात मिसळून धुरासोबत बाहेर पडतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या बाहेरच्या पाण्याशी ट्रॅक्टरसारखं वागल्याने होतात.

सगळ्यात जास्त घोळ इंपेलरवर होतो. हे पंपातलं रबराचं चाक. पाकळ्या वाकून पाणी पुढे ढकलतात. जुनं बाहेर काढलं की कचऱ्यात टाकायच्या आधी हातात धरून पाकळ्या मोजा. दोन तुटलेल्या असतील तर ते दोन तुकडे गेले कुठे? पाण्याबरोबर बाहेर पडले असतील असं धरून चालू नका. हीट एक्स्चेंजरचं पुढचं झाकण उघडा. नळ्यांच्या तोंडावर काळा रबर आडवा बसलेला दिसतो. तिथे नसेल तर मधल्या पाइपच्या वळणात पाहा. तुकडे न काढता नवा इंपेलर बसवला तर पंप नवा आणि तक्रार जुनीच.

बसवताना ग्रीस चोपडायची सवय सोडा. साधं ग्रीस काही रबरांना फुगवतं. ग्लिसरीन लावा, नाहीतर साबणाचं पाणी. पाकळ्या फिरण्याच्या दिशेने वळवून, चाक किंचित पिळत आत सरकवा. झाकणाखालचं कागदी पॅकिंग कंपनीच्याच जाडीचं हवं. पुठ्ठा कापून, वर शेलॅक थापून पॅकिंग केलं की चाक आणि झाकण यांच्यात फट पडते आणि पंपाची ओढ कमी होते. झाकणाच्या आतल्या बाजूला नख अडकेल अशा रेघा असतील तर झाकणही बदलायला झालं. 2019च्या उन्हाळ्यासारखं जायकवाडी मृतसाठ्यात गेलं, की पाण्याबरोबर गाळही वर येतो आणि या रेघा लवकर पडतात. अशा साली जाळी रोज उघडावी. जलपर्णीचा एक देठसुद्धा पुरतो.

नवा इंपेलर कोरडा फिरवू नका. “जरा स्टार्ट करून बघू” म्हणत कॉक बंद ठेवून इंजिन चालवलं, तर पाण्याविना रबर तापून मिनिटाच्या आतही जळू शकतं. कामाच्या आधी कॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच कॉकला अडकवून ठेवा. मग तो उघडल्याशिवाय कुणी स्टार्टर मारणारच नाही.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. पार्ट बदलले, डिझेलच्या लाइनमध्ये हवा राहिली, इंजिन धरत नाही आणि गडी स्टार्टर मारतोच आहे. प्रत्येक फेऱ्याला पंप पाणी ढकलतो. इंजिन चालू नसल्याने ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजिन धरत नसेल तर कॉक बंद करून थोडं-थोडंच स्टार्टर मारा आणि धरताक्षणी कॉक उघडा.

आता पांढऱ्या टेपचं. बोअरचे पाइप जोडून-जोडून आपल्याकडे हात असे झालेत, की आटे दिसले की टेप गुंडाळलाच. हीट एक्स्चेंजरमध्ये पेन्सिलसारखा ॲनोड असतो, तो स्वतः झिजून पितळ-तांबं वाचवतो. त्याच्या आट्यांचा धातूशी थेट संपर्क हवा; टेपने तो तुटतो. एकाच वायरच्या टेंपरेचर सेन्सरचंही तेच. त्याचं अर्थिंग आट्यांतून होतं. टेप गुंडाळला की काटा काहीबाही दाखवतो. आणि ॲनोड मागवताना गोड्या पाण्याचा आहे हे दुकानदाराला स्पष्ट सांगा. समुद्राचा जस्ताचा असतो; धरणाच्या पाण्यात त्यावर थर चढतो आणि तो काम सोडतो. आपल्याला मॅग्नेशियमचा लागतो.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तर एप्रिल-मे मध्ये कुणीही देतं. ऊन चाळीसच्या पुढे, कटकटच नको. पण काही इंजिनांत तो नसला की कूलंट एक्स्चेंजरकडे न जाता जवळच्या वाटेने गोल फिरत राहतं आणि इंजिन उलट जास्तच तापतं. बाकीच्यांत ते थंडच राहून डिझेल नीट जळत नाही. शंका असेल तर पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते पाहा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवेची बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर दिसतो तोच नळ्यांवर चढतो. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या किंवा तयार मिश्रण. आणि थर काढायला फरशीचं ॲसिड ओतू नका, ते थराबरोबर धातूही खातं.

पंपाच्या आधीच्या पाइपमध्ये तारेचं अस्तर असलेलाच होज वापरा. साधा रबरी पाइप ओढीने आत चिकटतो. या बाजूची फट इंजिन चालू असताना गळत नाही, ती हवा ओढते. म्हणून फरशी कोरडी असली तरी क्लिपा आणि जाळीच्या झाकणाचं पॅकिंग तपासायचंच.

एवढं करूनही तापत असेल, तर कधी तापतं ते पाहा. संथ चालतानाच काटा चढतो तर पंप, बेल्ट किंवा हवा ओढणं. संथ ठीक, पण जोर दिला की चढतो तर पाण्याची वाट अरुंद झालेली असते: जाळी, एक्स्चेंजर किंवा सायलेन्सरचं कोपर (वळणाचा पाइप). हे कोपर आतून काजळी आणि गंजाने भरतं, बाहेरून नवंकोरं दिसतं. सोडवून बोट घातल्याशिवाय कळत नाही. पार्ट बसवल्याबरोबर तापलं तर आत हवा अडकली आहे. वरचा ब्लीड स्क्रू ढिला करून कूलंट सलग येईपर्यंत थांबा, तेही इंजिन थंड असताना. आणि कूलंट कमी होतंय पण कुठे थेंब नाही, तर एक्स्चेंजरची नळी फुटून ते धुरासोबत बाहेर जातंय किंवा हेड गॅस्केट गेली आहे. अशा वेळी लाँच काठालाच बांधून ठेवा आणि एक्स्चेंजर खोलून हवेच्या दाबाने तपासून घ्या.