कराटेच्या वर्गात मुलाला घालण्यापूर्वी

शाळेत कोणी त्रास देत असेल, तर मुलाला थेट कराटेच्या वर्गात नेण्याआधी त्याच्याकडून नेमके काय घडते ते शांतपणे ऐकून तारीखवार वहीत लिहावे आणि ती वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटावे. दाद न मिळाल्यास मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. १०९८ ही बालमदत क्रमांकाची सेवाही आहे.

शिकवणी निवडताना कमरेच्या पट्ट्यांचे रंग पाहू नयेत. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील चिंचेच्या तालमीसारख्या जुन्या आखाड्यांत कुस्ती शिकताना पडावे कसे, पकड सोडवावी कशी हे अंगवळणी पडते. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या ज्युदोतही पडण्याचा सराव आधी येतो. मनगट पकडले गेल्यास पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून हिसका द्यावा, मोठ्याने ‘सोड’ म्हणावे आणि पळावे. पळण्यात कमीपणा नाही, हे मुलाला घरातूनच सांगावे लागते. मात्र चारजणांनी घेरले किंवा कोणाच्या हाती कोयता असला, तर कोणताही पट्टा उपयोगी पडत नाही. डबा लपवणे, व्हॉट्सॲपच्या गटात चिडवणे यांवर तर ठोशाचा इलाजच नाही.