रँचवर नवीन येताय? आधी गायीपासून लांब उभं राहायला शिका

मला दर महिन्याला दोन-तीन तरी मेसेज येतात, ताई आम्ही गावाकडचेच, गोठ्यात वाढलोय, कॅनडातल्या अल्बर्टात रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, काम मिळतंय, जमेल का. जमेल, पण आधी थोडं ऐकून घ्या. मी आटपाडीकडची, घरी खिलार बैलं होती. बारा वर्षं झाली, मी आणि नवरा कॅलगरीच्या खाली नँटनच्या पश्चिमेला पॉर्क्युपाइन हिल्सच्या पायथ्याला आहोत, पहिली सहा वर्षं एका वयस्कर जोडप्याच्या रँचवर कामाला होतो, आता त्यांचीच थोडी जमीन भाड्यानं घेऊन आमच्या स्वतःच्या 70 गायी आहेत, सगळ्या ब्लॅक अँगस जातीच्या, आणि तीन कुत्री.

गुरं माहितीयेत हीच पहिल्या वर्षी अडचण होते. आपल्याकडची गाय दावणीची, तिला नाव असतं, पाठीवर हात फिरवला की ती मान लांब करते. इथली गाय वर्षातून तीन-चार वेळाच माणसाच्या हाताखाली येते, बाकी वेळ ती डोंगरावर. तिच्याभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं, त्याला इथं फ्लाइट झोन म्हणतात, तुम्ही त्याच्या कडेवर आलात की ती चालायला लागते, आत घुसलात की पळते आणि फारच आत गेलात तर अंगावर येते. दुसरं म्हणजे तिचा खांदा. खांद्याच्या मागून आत आलात तर ती पुढं जाते, खांद्याच्या पुढून आलात तर मागं वळते. कोलोरॅडोच्या टेम्पल ग्रँडिन बाईंनी हे सगळं अभ्यासून मांडलंय, रँचवाले सगळे त्यांचं नाव घेतात, आणि एकदा हे डोळ्याला दिसायला लागलं की काठी लागत नाही, ओरडावं लागत नाही.

मी ओरडले होते. पहिलाच ऑक्टोबर, 40 गायी गेटातून आत घ्यायच्या होत्या, मेग नावाची बॉर्डर कॉली जातीची म्हातारी कुत्री पलीकडून त्यांना आणत होती, आणि एक गाय बाजूला फुटायला लागली तशी मी गावच्या सवयीनं दोन्ही हात वर करून हैक हैक करत धावले. मेग तिथंच थांबली. पोट जमिनीला टेकलेलं, एक पुढचा पाय तसाच उचललेला, डोळे गायींवरून हलले नाहीत पण कान मागं माझ्याकडं वळलेले, की ही बाई काय करतीये. तेवढ्यात सगळा कळप उलटा फिरला आणि तारेचं कुंपण घेऊन गेला. मालक मला काहीच बोलले नाहीत, फक्त मेगला म्हणाले दॅटल डू, म्हणजे बास, काम संपलं, आणि आम्ही रात्री नऊपर्यंत तार ओढत बसलो.

तर कुत्र्यांचं. आपल्याकडं कुत्रं एकतर राखणीचं नाहीतर गल्लीतलं, आणि आमच्या भागात खंडोबाचं म्हणून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा घास त्याला आधी काढतात, पण कामावरचं कुत्रं म्हणजे काय ते मला इथं येऊन कळलं. बॉर्डर कॉली गायींना वळसा घालून तुमच्याकडं आणते, हीलर मागून खुराजवळ चावा घेऊन पुढं ढकलतो, आणि ते पांढरं मोठं ग्रेट पिरेनीज असतं ते गुरं हाकत नाही, ते कायोटीपासून, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जंगली जनावरापासून, राखण करतं, त्याच्याकडून काम करून घ्यायला जाऊ नका. हुकूम फार नाहीत. कम बाय म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वळसा, अवे म्हणजे उलट्या दिशेनं, वॉक अप म्हणजे सरळ पुढं चाल, लाय डाउन म्हणजे थांब आणि शेवटी दॅटल डू. हे शब्द मालक ज्या सुरात म्हणतो त्याच सुरात म्हणायला शिका, मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या सरळ, कारण कुत्रं अर्धं सुरावरच चालतं आणि आपला सूर घाबरला की वर जातो. पहिला महिनाभर हुकूम देऊच नका म्हणते मी, मालकाच्या मागं चाला आणि कुत्रं कुठं उभं राहतंय ते बघा, ते नेहमी त्या वर्तुळाच्या कडेला असतं. मला वर्तुळ दिसायला लागलं ते मेगच्या मागं चालून.

लाड काम संपल्यावर. कामाच्या मध्येच आपणहून गोंजारू नका, बिस्किट टाकू नका, त्याचं लक्ष तुटतं आणि गायीची लाथ बसते. मुख्य खाणं संध्याकाळी, पळून आल्याआल्या किंवा पळायच्या आधी भरपेट दिलं तर पोट फुगून पीळ पडू शकतो, त्यात कुत्रं काही तासांत जातं. आणि हे आपल्या बायकामंडळींना खास सांगते, उरलेली भाजी-आमटी घालू नका, कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे आणि मनुका तर दोन-चारही नकोत. कोरडी भाकरी चालते. गाड्यांचं अँटिफ्रीझ सांडलं तर लगेच धुवा, चवीला गोड असतं आणि थोडंसं चाटलं तरी किडन्या जातात. घोड्याच्या जंताच्या औषधाची पेस्ट खाली पडली तर उचला, काही कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांना त्यातलं आयव्हरमेक्टिन अजिबात सोसत नाही. साळिंदराचे काटे तोंडात घुसून आलं तर काटे कापू नका, डॉक्टरकडं न्या.

आता विणीचा हंगाम, ही खरी परीक्षा. गाय साधारण 283 दिवस गाभण राहते, आम्ही वळू जूनच्या मध्यावर सोडतो म्हणजे वासरं मार्चच्या शेवटापासून पडायला लागतात, आणि मार्च-एप्रिल म्हणजे इथं उन्हाळा नाही, रात्री उणे 20 सुद्धा होतं. दर दोन-तीन तासांनी कळपातून टॉर्च घेऊन फिरायचं, पहिलारू कालवडींकडं जास्त लक्ष. वैरण आम्ही या दिवसांत संध्याकाळीच टाकतो. कॅनडातल्याच मॅनिटोबातल्या गस कोनेफल नावाच्या शेतकऱ्याच्या हे लक्षात आलं होतं की उशिरा खायला दिलं की जास्त गायी दिवसा वितात, आमचाही तोच अनुभव आहे आणि झोप मिळते तेवढीच. वासरू पडलं की चार-सहा तासांच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. खरवस विसरा, तो सगळा वासराचा.

मागच्याच्या मागच्या वर्षी पहाटे तीनला एक वासरू बर्फात सापडलं, अजून ओलं, आई पहिलारू, चाटायचं सोडून लांब उभी. तोंडात बोट घातलं तर तोंड आतून गार. जीभ गार लागली की वेळ फार कमी असतो. पिकअपमध्ये पायाशी टाकलं, हीटर फुल, नवरा चीक गरम करून नळीनं पाजत होता आणि मी जुन्या टॉवेलानं घासत होते, तासाभरानं त्यानं माझं बोट चोखायला सुरुवात केली. कानांची टोकं मात्र गळाली, अजून कळपात आखूड कानाची म्हणून ओळखू येते.

आणि या दिवसांत कुत्री आत बांधायची. हे कोणी आधी सांगत नाही. नुकत्याच व्यालेल्या गायीला कुत्रं म्हणजे कायोटीच वाटतं, ती त्याच्यावर धावते, कुत्रं जीव वाचवायला तुमच्याकडं पळत येतं आणि गाय त्याच्या मागोमाग तुमच्यावर. 600 किलोची गाय. आमच्या शेजारच्या रँचवर एका कामगाराच्या बरगड्या अशाच मोडल्या.

थंडीचं सगळे सांगतात म्हणून थोडक्यात. ट्रॅक्टर-पिकअपचा ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा, रात्री प्लगला लावा, पाण्याच्या टाक्या सकाळी पहिल्यांदा बघा, बर्फ असलं तरी दूध पाजणाऱ्या गायींना पाणी लागतंच. चिनूक, म्हणजे डोंगरावरून येणारा गरम वारा, सुटला की काही तासांत तापमान 20 अंशांनी वर जातं, तेव्हा जाकीट घरी ठेवून जाऊ नका, परत तसंच खाली येतं आणि अशा चढउतारात वासरांना न्यूमोनिया होतो. गेट जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. वळूकडं कधी पाठ करायची नाही.

कागदांचं एक. अल्बर्टात छोट्या फार्मना कामाच्या तासांचे बरेच नियम लागू होत नाहीत, म्हणून पगार, सुट्टी, राहायची जागा आणि अपघाताचा विमा हे चारही यायच्या आधी लिहून घ्या. आमच्या ओळखीच्या एका मुलाचा हात मोडला तेव्हा विमाच नाही असं कळलं, आणि मालक चांगला होता तरी तो हिवाळा त्यानं उधारीवर काढला.

शेवटचं, जे लोक मेसेजमध्ये विचारत नाहीत पण मनात असतं. ही गुरं मांसासाठी आहेत. ऑक्टोबरात वासरं आईपासून तोडतात, कानात टॅग असतोच, बहुतेक वासरं लिलावाला जातात आणि पुढं फीडलॉटला, म्हणजे मांसासाठी गुरं पोसून जाड करतात तिथं. माझी आई अजून शेजारणींना म्हणते लेकीची डेअरी आहे. मी ते बदलायला जात नाही, पण तुम्ही स्वतःला खोटं सांगून येऊ नका, घरात बसून आधी बोला, देवाधर्माचं मन खात असेल तर दुधाच्या फार्मवर काम बघा, अर्थात तिथंही खोंड विकलेच जातात. मी माझ्यापुरतं ठरवलंय की जोवर इथं आहे तोवर एकालाही मार बसणार नाही, घाबरवून ट्रकात चढवणार नाही. आम्ही काठी ठेवतच नाही. मेगची नात टिप्पी आहे, ती अंतर राखून उभी राहते आणि वासरं चालत चढतात.

तोडल्यानंतर तीन रात्री गायी कुंपणाला उभ्या राहून हंबरतात. खिडक्या बंद केल्या तरी ऐकू येतं, पहिल्या वर्षी मी रडले होते. त्या तीन दिवसांत एकटं राहू नका, कॅलगरीत मराठी घरं आहेत, एखाद्याकडं जेवायला जा, किंवा मला फोन करा, मीही जागीच असते.