यकृताची गाठ साधी की कर्करोगाची? रेटिक्युलिन असं वाचा

गाठीच्या तुकड्याची स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावण्याआधी तपासणीचा अर्ज वाचा: वय, स्त्री की पुरुष, गर्भनिरोधक गोळ्या, एएफपी (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारं प्रथिन) आणि मुख्य म्हणजे सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणं). सिरोसिसच्या यकृतात ‘ॲडिनोमा’ (यकृतपेशींची साधी गाठ) लिहायचं नाही. पुरुषाच्या बाबतीतही लिहिताना हात आखडता ठेवा.

हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, पाहताक्षणी ओळखू येतो. तंतूंचे पट्टे, त्यांत जाड भिंतीच्या धमन्या आणि कडेला बारीक पित्तनलिका दिसल्या, तर बहुधा एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लासिया, हीही साधी गाठ).

घोडं अडतं ते ॲडिनोमा आणि वेल-डिफरन्शिएटेड एचसीसीपाशी, म्हणजे निरोगी पेशींसारख्याच दिसणाऱ्या यकृतपेशींच्या कर्करोगापाशी. दोन्हींत पोर्टल ट्रॅक्ट (शीर, धमनी आणि पित्तनलिका यांचे जुडगे) नाहीत, एकट्या धमन्या दोन्हींत. ‘न्यूक्लियस (पेशीचं केंद्रक) मोठं म्हणजे कॅन्सर’ हे शिकवणं आता बंद व्हायला हवं. ॲडिनोमातही अधूनमधून मोठी, गडद न्यूक्लियस सापडतात आणि हा कॅन्सर कित्येकदा अगदी सोज्वळ दिसतो.

म्हणून रेटिक्युलिन करायचंच. पेशींना आधार देणारे बारीक धागे दाखवणाऱ्या चांदीच्या या स्टेनमध्ये (रंगात) निरोगी यकृतपेशींच्या रांगांना दोन्ही बाजूंनी काळ्या धाग्यांची किनार दिसते. रांग एक-दोन पेशींची. एचसीसीत धागे तुटतात, विरळ होतात आणि रांगा तीन किंवा जास्त पेशींच्या होतात. पण आधी त्याच तुकड्यातलं निरोगी यकृत बघा. तिथेच धागे फिके असतील तर स्टेन बिघडलाय, पुन्हा करायला सांगा. चरबी साठलेल्या भागावरून मत बनवू नका. तिथे साध्या यकृतातही धागे कमी दिसतात. उलट, धागे शाबूत आहेत एवढ्यावर कॅन्सर नाकारूही नका, काही एचसीसीत ते टिकून असतात.

आणि सेक्शन (स्लाइडसाठी घेतलेला काप) पातळ हवा, ३-४ मायक्रॉन. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मऊ पडतो, सेक्शन जाड निघतो. मग पेशींवर पेशी चढतात आणि नसलेली गर्दी दिसू लागते. ब्लॉक बर्फावर गार करूनच कापायचा. यात तडजोड मला मान्य नाही.

मग ग्लिपिकन-३, एचएसपी७० आणि ग्लुटामिन सिंथेटेज या तीन प्रथिनांचे स्टेन. तिघांपैकी दोन ठळक आले तर पारडं एचसीसीकडे झुकतं. एकट्या ग्लुटामिन सिंथेटेजवर विसंबू नका. बीटा-कॅटेनिन जनुकात बदल झालेल्या ॲडिनोमातही ते सगळीकडे येतं, आणि त्या ॲडिनोमाचा पुढे कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो.

एवढं करूनही ठरत नसेल तर ‘हिपॅटोसेल्युलर निओप्लाझम, घातकपणा अनिश्चित’ असं स्पष्ट लिहा आणि सर्जनला स्वतः फोन करा.