साल्हेर चढायचा तर मुक्कामापासून ठरवा

बागलाणातला साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. शिखर म्हणून कळसूबाईखालोखाल याचाच नंबर. चढायला दोर लागत नाही, कसलं तंत्र लागत नाही. अडचण आहे ती अंतराची. किल्ला पार गुजरातच्या डांगला खेटून आहे. पुण्या-मुंबईची मंडळी रात्रभर गाडी चालवून, न झोपता, नऊ वाजता उन्हात चढायला लागतात आणि अर्ध्या वाटेत बसतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी पायथ्याचं वाघांबे गाठून तिथेच झोपायचं, हे आधी ठरवा.

पोहोचणं

नाशिकहून सटाणा सुमारे ९० किलोमीटर. पुढे ताहाराबाद, मुल्हेर आणि मग वाघांबे. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. शेवटची गाडी चुकली तर मुल्हेरातच रात्र काढावी लागेल. पेट्रोल, रोख पैसे, औषधं, बॅटऱ्या हे सगळं सटाण्यातच उरका. मोबाइलची रेंज पुढे भरवशाची नाही, तेव्हा परतायची वेळ घरी आधीच सांगून ठेवा. गावात जेवणाची सोय घरगुती होते, मात्र आधी कळवावं लागतं.

कधी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून कातळ इतका तापतो की दुपारी पायऱ्यांवर हात टेकवत नाही. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, पण कोरीव पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि धुक्यात पठारावर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने पावसात जाऊ नये.

पाठीवर काय

माणशी ३ लिटर पाणी, उन्हाळा लागला असेल तर ४. वर पाणी मिळतं, खाली मधल्या वाटेवर धरू नका. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी. मोबाइलच्या उजेडात पायऱ्या उतरताना एक हात अडकतो आणि तोच हात आधाराला हवा असतो. बुटाच्या तळव्याला खोल खाचा हव्यात, नवे कोरे बूट नकोत. गडावर मुक्काम असेल तर स्लीपिंग बॅग, मॅट आणि वारा अडवणारं जाकीट. सगळं मिळून १० किलोच्या आत बसवा. अत्तर आणि डिओ घरी ठेवा. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहळं असतात आणि उग्र वासाने किंवा धुराने ती उठतात. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाका आणि पाय सांभाळत तिथून दूर व्हा.

चढाई

पहाटे साडेपाच-सहाला निघा. वाघांबेहून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधली खिंड दिसते, तीच धरायची. गुरांच्या वाटा जागोजागी फुटतात आणि माणसं चुकतात ती इथेच, म्हणून गावातला वाटाड्या घ्या. पैसे निघतानाच ठरवा. खिंडीपर्यंत साधारण दीड तास. खिंडीतून एक वाट पलीकडे माळदरकडे उतरते. उतार लागला की समजा चुकलात.

खिंडीनंतर खरी मजा. कातळात कोरलेल्या पायऱ्या, दरवाजे आणि मग कड्याला चिकटून जाणारी आडवी वाट, एका बाजूला कोरीव गुहांची रांग आणि दुसऱ्या बाजूला दरी. पायऱ्या झिजलेल्या, कमी-जास्त उंचीच्या आहेत. एका वेळी एकाने चढा, दोघांत चार-पाच पायऱ्यांचं अंतर ठेवा. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात येतो. आडव्या वाटेवर फोटो थांबून काढा, चालता चालता नको.

खिंडीपासून तासाभरात पठार. गंगासागर तलाव, रेणुकामातेचं मंदिर आणि राहण्याजोग्या गुहा इथेच आहेत. पाणी कापडाने गाळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. नुसतं नितळ दिसतंय म्हणून पिऊ नका. तलावात साबण, भांडी, कपडे काहीही नको.

माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर आहे. पठारावरून तिथवर अर्धा-पाऊण तास, घसाऱ्याची वाट. ओझं गुहेत ठेवून मोकळ्याने जा. हवा स्वच्छ असेल तर मांगी-तुंगीचे सुळके आणि मुल्हेर, मोरा, हरगड हे किल्ले ओळखू येतात. खाली पसरलेल्या मुलखात १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांना उघड्या रणात हरवलं. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत साल्हेरही आहे, पण त्याआधीही दगडावर नावं कोरणं गाढवपणाच होता.

सालोटा जोडायचा का?

एका दिवसात दोन्ही करणारे आहेत. करायचेच असतील तर सकाळी ताज्या पायांनी आधी सालोटा, मग साल्हेर. संध्याकाळी थकलेल्या गुडघ्यांनी सालोट्याचा मुरुमाचा घसारा उतरणं धोक्याचं, त्यामुळे उरलाच तर सोडून द्या.

उतरणं

गडावर मुक्काम नसेल तर दुपारी एकला जिथे असाल तिथून मागे फिरा, माथ्यावरचं मंदिर दहा मिनिटांवर असलं तरी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उतरायला अडीच तास सहज जातात. पायऱ्यांवर तोंड कड्याकडे करून उतरलात तर तोल सांभाळतो. दुसरी वाट साल्हेरवाडीला उतरते, तीही दरवाजांची आणि सुंदर. मात्र गाडी वाघांबेतच राहते, म्हणून ती साल्हेरवाडीला आणून ठेवायला कुणाला तरी आधीच सांगा.