ब्लोअर फक्त चारवर चालत असेल, तर कनेक्टर नीट पाहा

मुंबईत गाडीचा हीटर क्वचितच कुणी लावतो, पण हीटर आणि एसी या दोन्हींची हवा एकच ब्लोअर ढकलतो आणि पावसाळ्यात समोरच्या काचेवर धरलेले बाष्पही त्याच्याच जोरावर जाते. तो एक, दोन, तीन या वेगांवर गप्प राहून चारवर मात्र घोंघावत असेल, तर हे दुखणे जूनच्या आत काढलेले बरे.

अशा वेळी मोटर बदलायला सांगणाऱ्याचे ऐकू नये. चारवर चालणारी मोटर जळालेली नसते. खालच्या वेगांची वीज रेझिस्टरमधून (प्रवाह कमी करणाऱ्या भागातून) जाते आणि चारवर ती त्याला वळसा घालून मोटरला मिळते, म्हणून रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज (जादा तापल्यावर वीज तोडणारा भाग) उडाला की खालचे सगळे वेग एकदम जातात. मधला एखादाच वेग गेला असेल, तर त्या वेगाची रेझिस्टरमधली कॉइल तुटलेली असते किंवा स्विचचा संपर्क खराब झालेला असतो. फक्त चारच बंद असेल, तर स्विच, रिले आणि वायरिंग तपासावे. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत बहुधा रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते, त्यांना हे लागू नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ग्लव्ह बॉक्स उतरवावा. बहुतेक गाड्यांत त्याच्या मागेच, हवेच्या डक्टमध्ये स्क्रूंनी बसवलेला रेझिस्टर सापडतो. तो काढून बाजारात सोबत न्यावा आणि पिना जुळवूनच नवा घ्यावा. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात मिळण्यासारखा हा भाग आहे.

आता खरे काम. माझ्या गाडीत मी एका पावसाळ्यात दोन रेझिस्टर घातले आणि दोन्ही गेले. गॅरेजमध्ये ‘माल डुप्लिकेट असेल’ एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला रेझिस्टरला वायरी जोडणारा कनेक्टर उजेडात धरून पाहिला, तेव्हा एका पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित ओघळलेले होते आणि आतले टर्मिनल (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) रेझिस्टरच्या पिनेला धरतच नव्हते. हा डाग म्हणजे निदान. सैल टर्मिनलचा रोध फक्त ०.१ ओहम आणि प्रवाह १५ अँपिअर धरला, तरी तिथे सुमारे २२ वॉट उष्णता तयार होते. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे छोटे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते, म्हणजे जवळजवळ तेवढीच धग त्या प्लास्टिकमध्ये कोंडलेली असते.

असा कनेक्टर पॉलिश पेपरने घासून किंवा पक्कडीने दाबून पुन्हा लावू नये. तापलेल्या पितळेचा ताण गेलेला असतो आणि दाबलेली पकड काही आठवड्यांत पुन्हा सैल पडते. वायरींसह नवा कनेक्टर घ्यावा, जुनी वायर काळी पडली असेल तिथपर्यंत कापावी आणि तेवढ्याच जाडीच्या वायरीशी क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडून, वर हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवावी. नुसत्या सोल्डरच्या सांध्यावर इथे विसंबू नये, कारण जोडणी तापली की सोल्डरच मऊ पडते. आणि थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा कुणी कितीही आग्रहाने सुचवला, तरी तो कधीही जोडू नये. आग लागू नये म्हणूनच तो फ्यूज तिथे असतो.

रेझिस्टर बसवण्यापूर्वी पंखा हाताने फिरवावा. तो जड फिरत असेल, तर मोटर जादा प्रवाह ओढते आणि नवा रेझिस्टरही टिकत नाही. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत वायपरखालच्या जाळीतून बारीक पाने आत उतरतात, ती काढावीत. केबिन फिल्टर तुंबला असेल, तर तोही बदलावा, कारण डक्टमधून वाहणारी हवाच रेझिस्टरला थंड ठेवते. याच कारणाने रेझिस्टर डक्टबाहेर लोंबकळत ठेवून पंखा चालवून पाहू नये. कॉइल काही क्षणांत भाजण्याइतकी तापते.

सर्व जोडल्यावर चारही वेग तपासावेत, मग ब्लोअर १५ मिनिटे दोनवर आणि नंतर तेवढाच वेळ चारवर चालवून, तो बंद करून कनेक्टरच्या प्लास्टिकला बोट लावावे. कोमट लागले तर ठीक; बोट टेकवत नसेल, तर एखादी जोडणी अजून सैल आहे, ग्लव्ह बॉक्स लावू नये.